चेहऱ्याकडे बघायचं होतं

मंगळवार, १८ जून. लातूर.

प्रॅक्टिकल उत्तम गेलं. हदगावला आईला फोन केला तर तिने लगेच देवापुढे साखर ठेवली. मला मात्र जेवण गेलं नाही.

मला खांद्याची केस आली होती. धोंडिबामामा. भूकंपात घराचं माळवद अंगावर आलं, तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा सटकतो. अर्धा तास माहिती लिहून घेतली, तीही मान खाली घालून. तपासणी तशी सोपी. पेशंटला निजवायचं, हात बाजूला घेऊन हळूहळू मागे वळवायचा आणि चेहऱ्याकडे बघायचं. खांदा निखळेल ही भीती तिथे दिसली की थांबायचं.

मी थांबले नाही. मी खांद्याकडेच बघत होते. "म्याडम, पुरं की आता," मामा म्हणाले, तेव्हा कुठे हात सोडला.

परीक्षकांनी विचारलं, "काय दिसलं?"

"सर, चेहऱ्यावर भीती दिसली."

बारावीच्या क्लासपासूनची सवय, प्रश्न संपायच्या आत उत्तर. सर खूश. खोटं होतं का ते? भीती तर असणारच. पण मी बघितली कुठे?

संध्याकाळी गेटवर एक म्हातारे गृहस्थ हसून म्हणाले, "बरी गेली का परीक्षा, म्याडम?"

"हो. पण मी ओळखलं नाही तुम्हाला."

त्यांनी डाव्या हाताने उजवा खांदा तेवढा धरून दाखवला.