खुर्ची ओढल्याचा आवाज

ता. ४ फेब्रुवारी

चि. ससोबास,

अनेक आशीर्वाद. हल्ली फोनवर तुम्ही सगळेच पुटपुटता, म्हणून हे पत्र. कागद बिचारा स्पष्ट बोलतो.

काल एकटीच जाऊन एक चित्रपट पाहून आले. तुझ्या बायकोला घेऊन तूही लगेच पाहा. भूत नाही, रक्त नाही, तरी माझे तळवे थंड पडले. गोष्ट एवढीच सांगते की एक नर्स एका आजारी म्हाताऱ्याची सेवा करायला त्याच्या घरी येते आणि तिला त्या घरात कुणीतरी तिसरं आहे असं वाटू लागतं. पुढे एक अक्षर सांगणार नाही. तुला शेवट आधी कळला की तू वाटेल त्याला सांगत सुटतोस, हा जुना अनुभव आहे. फक्त शेवटी म्हाताऱ्याचे ओठ बघ. नुसते हलतात, आवाज नाही. दिग्दर्शकाने तिथे आवाजच काढून घेतला आहे. काय डोकं आहे त्या माणसाचं!

आणि एक. मध्यंतरानंतर ती नर्स जिन्यावर एकटी बसते, तेव्हा वरच्या खोलीत कुणीतरी खुर्ची ओढतं. फरशीवरून, हळू, जेवायला बसताना ओढावी तशी. ते नीट ऐक आणि ऐकलंस की मला आठवणीने कळव. विसरू नकोस.

लहानपणी असल्या चित्रपटांना तू सीटखाली घुसायचास. आता तुझं पोट मावणार नाही, तेव्हा वर बसूनच पाहा. बाकी ठीक. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यातून निवृत्त झाले तरी पुस्तक दिसलं की आधी शिवण तपासते. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. घर मोठं वाटतं, एवढंच.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. दुकान लवकर बंद करून आम्ही दोघं तुझा चित्रपट पाहून आलो. दिवसभर लोकांचे चष्मे जुळवून माझे डोळे थकले होते, पण पापणी लवली नाही. बायकोने माझा दंड असा धरला होता की अजून वळ आहेत. घरी आल्यावर तिने सगळ्या खोल्यांतले दिवे लावले आणि वर म्हणते की आपण अजिबात घाबरलो नाही. तुझी निवड शंभर नंबरी.

पण ताई, दोन गोष्टींत तू मला चक्रावून टाकलंस. म्हातारा शेवटी चांगला खणखणीत बोलतो. आपलं लग्नच झालं नव्हतं, असं म्हणतो, आणि त्या एका वाक्यावर सगळी गोष्ट उलटी होते. थिएटरात लोक किंचाळले. दुसरं म्हणजे खुर्ची. जिन्यावरच्या प्रसंगात मी कान टवकारून बसलो होतो, बायकोलाही सांगून ठेवलं होतं. तिथे शुद्ध शांतता आहे. आम्हाला दोघांनाही काहीच ऐकू आलं नाही. झोपली होतीस ना? कबूल कर!

तुझ्या थट्टेचा आणि आशीर्वादाचा भुकेला,
ससोबा


ता. २१ फेब्रुवारी

चि. ससोबास,

आशीर्वाद. पत्र मिळालं. झोपच लागली असेल. त्या चित्रपटाचा विषय आता पुरे. पुन्हा काढू नकोस. इथे सगळं ठीक आहे.

ताई


ता. २५ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. ताईचं चार ओळींचं पत्र आलं आहे. जी बाई चित्रपटातल्या पडद्यांच्या रंगावर पानभर लिहिते, तिने चार ओळी लिहाव्यात, आणि त्यात थट्टेचा एक शब्द नसावा? मी तिला झोपाळू म्हणून चिडवलं होतं. ते तिला कुठेतरी फार खोल लागलं आहे. फोन केला तर हो-नाही करून ठेवून दिला.

मी शनिवारी निघतोच, पण तू तिच्यापासून दोन गल्ल्यांवर आहेस. पोहायला शिकवण्याचा तुझा वर्ग सुटला की सहज आल्यासारखी जा. मी सांगितलं म्हणू नकोस. जाऊन ये आणि जे दिसेल ते लपवू नकोस.

मावसबहीण म्हणून नाही, सख्खी म्हणून हे मागतो.

तुझा,
दादा


ता. २८ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. काल जाऊन आले. माझ्याच्याने अजून नीट लिहवत नाही.

ताईच्या जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या बांधून ठेवलेल्या आहेत. पुस्तकं शिवायचा तो मेण लावलेला दोरा असतो ना, त्याने प्रत्येक खुर्ची टेबलाच्या पायाला आवळून. ती स्वतः ओट्याशी उभ्याने जेवते. मी विचारलं तेव्हा आधी म्हणाली, फरशीवर चरे पडतात. मग माझा हात धरून बसली आणि सगळं बोलली.

भाऊजी गेल्यानंतर काही महिन्यांनी रोज तिन्हीसांजेला तिला त्यांची खुर्ची ओढल्याचा आवाज येऊ लागला. जाऊन बघावं तर खुर्ची जागच्या जागी. म्हणून तिने ती बांधली, मग सगळ्याच बांधल्या. तरी आवाज येतोच. आपलं डोकं फिरत चाललंय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं तर उचलून कुठेतरी नेऊन ठेवतील, या भीतीने ती आपल्यापाशीही बोलली नाही. त्या दिवशी थिएटरात तो आवाज आला, तेव्हा तिला म्हणे इतकं हायसं वाटलं की रडू आलं. म्हणजे हा आवाज सगळ्यांना येतो, पडद्यावरून येतो, आपण शहाण्या आहोत! खात्री करून घ्यायलाच तिने तुला तो चित्रपट पाहायला लावला. आणि तू लिहिलंस, तिथे शुद्ध शांतता आहे.

स्वतःला दोष देऊ नकोस. तुला कसं कळणार?

पण दादा, अजून एक. चहा करताना ती पाठमोरी होती. रडू आवरत असल्यामुळे माझा आवाज बसला होता. मी तिला साखर कमी घाल म्हटलं, दोनदा म्हटलं. तिने वळूनही पाहिलं नाही. मी एरवी तलावाच्या या काठावरून त्या काठावर ओरडणारी बाई. माझं तिला सगळं ऐकू येतं, म्हणून माझ्या कधी लक्षातच आलं नाही. मग ताईने दाखवलेलं तुझं पत्र आठवलं, त्यातलं म्हाताऱ्याचं ते शेवटचं वाक्य. जे होतं ते तिला ऐकू आलं नाही, आणि जे नव्हतं ते आलं. सारी हयात ती छापखान्यात कागद कापणाऱ्या त्या कर्कश यंत्राच्या शेजारी उभी होती. सोमवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. यायला नाही म्हणत होती. दादा येतोय म्हटल्यावर तयार झाली.

लवकर ये. इथे आम्हा दोघींना तुझी गरज आहे.

तुझी,
छोटी


ता. १९ मे

चि. ससोबास,

अनेक आशीर्वाद. तू इथून गेल्यापासून पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आज लिहिते.

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत तू माझी पर्स पोटाशी धरून बसला होतास, ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्यापेक्षा तूच जास्त घाबरला होतास. डॉक्टर म्हणाले की बाहेरचे आवाज पोचेनासे झाले की मेंदू कधीकधी साठ्यातले जुने आवाज काढून वाजवतो. असं बऱ्याच जणांना होतं, पण लोक लाजेने बोलत नाहीत, आणि वेड लागण्याशी याचा काही संबंध नाही. ते शेवटचं वाक्य तू त्यांना पुन्हा बोलायला लावलंस, मोठ्याने, माझ्यासाठी. तेवढ्यासाठी तुझे सगळे जुने गुन्हे माफ.

यंत्र आता कानात बसलं आहे. पहिले दिवस जीव नकोसा झाला. पिशवीचा कागद चुरगळला तरी दचकायचे. नळ गळतो आहे हे मला आत्ता कळलं, आणि शेजारच्यांनी इतके दिवस माझा टीव्ही कसा सोसला, हेही. जाऊन त्यांची क्षमा मागून आले. छोटीला मात्र हळू बोलायला शिकवावं लागेल, नाहीतर हे यंत्र फुटेल.

खुर्च्यांचे दोरे मीच कापले. आवाज हळूहळू विरळ झाला. मग एका संध्याकाळी आलाच नाही. मी दिवा न लावता वाट पाहत बसले, तरी नाही. ससोबा, मला वाटलं होतं की सुटल्यासारखं वाटेल. मी त्या संध्याकाळी जी रडले, तशी हे गेले तेव्हाही रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती, सामान होतं, कामं होती. हे खरंच गेले, ते मला त्या दिवशी कळलं.

आता बरी आहे. टेबलाशी बसून जेवते. छोटी बुधवारी येते, आम्ही मिळून चित्रपटाला जातो आणि परतताना भांडतो.

फक्त एक गोष्ट तुला सांगते, छोटीला कळवू नकोस. कधीमधी दिवेलागणीला मी यंत्र काढून टेबलावर ठेवते. जरा वेळ. आता भीती वाटत नाही. आवाज आला तर बसते तशीच, आणि हे बसले असतील असं धरून दिवसभराचं सांगते. मग यंत्र घालते आणि भात टाकते.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे, जास्तीची आता पेलवत नाही.

तुझी,
ताई