अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

गुरुजी, काल भोरच्या मुलींच्या शाळेत मी फळ्यावर ओळीने सात वेळा एक काढला आणि वर्गाला म्हटलं, याला कशाने निःशेष भाग जातो ते शोधा. खडू खाली ठेवला आणि तुमची इतकी आठवण आली की उगीचच हसू फुटलं.

मी चौथी पास झाले तेव्हा आबा मला शाळेतून काढायला आले होते. भातलावणी तोंडावर, घरात हात कमी. तुम्ही वाद घातला नाहीत. माझी पाटी त्यांच्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "हा आकडा पोरीने हातात घेतलाय. फुटला की खुशाल न्या, पण अर्धवट गणितावरून उठवू नका." नांगराचं तास अर्धं टाकून आबा जेवायलासुद्धा येत नसत. कबूल झाले.

मग विंझरच्या आमच्या घरात त्या आकड्याने धुमाकूळ घातला. आबांना अक्षरओळख नव्हती, पण तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. त्यांचं म्हणणं, अकरा लाख, अकरा हजार, शेवटी पुन्हा अकरा, म्हणजे अकरानेच जाणार, त्यात बघायचं काय? मी दाखवते, एकशेतले शंभर उरतात, त्यात नव्याण्णव गेले तरी एक राहतोच. ते चिडतात. दुसऱ्या दिवशी बांधावरूनच विचारतात, तेरानं पाह्यलंस का? दोनाने जात नाही म्हणजे चाराने पाहायला नको, तिनाने नाही म्हणजे नवाने नको, असं करत मी एकेक मूळ संख्या चढत गेले. तिसापुढे आबांचे पाढे संपले, तसे ते नुसते पाटीकडे बघत बसायचे.

पुढल्या श्रावणात आकडा फुटला. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य. आनंदाने चिखलातून धावत सुटले आणि शाळा दिसल्यावर ध्यानात आलं की आता शाळा संपली. रडतच पाटी पुढे केली. तुम्ही नीट वाचलीत, ओल्या फडक्याने पुसलीत आणि म्हणालात, "हातचा चुकलाय. पुन्हा कर."

हातचा चुकला नव्हता. मी तीनदा ताडून पाहिलं होतं. त्या न चुकलेल्या हातच्यावर मी सातवी झाले, मास्तरीण झाले. आबा भेटले की तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात, अजून फुटत नाही. गाव तुमच्या खरेपणाची शपथ खायचं, आणि तुम्ही मनातून किती खूश असाल ते मला कळायचं.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. माझ्या पोटात काही राहत नाही. त्याच संध्याकाळी मी आबांना सगळं सांगून टाकलं होतं. ते बैलांना वैरण घालत होते. "गुरुजींनी सोताच्या हातानं पुसलं न्हवं?"

व्हय, म्हटलं.

"मंग न्हाई फुटला. उद्या शाळंत जा. आन त्यास्नी काय बोलू नगंस. जल्मात पैल्यांदा थाप मारली आसंल त्यांनी."

म्हणून नाही बोलले, गुरुजी.