याडीच्या मागचा केशरी डाग

१ डिसेंबर २०२४, रविवार

जमलं! फोटोग्राफीच्या वर्गात वीस पोरं अन् कॉलेजचा एकच कॅमेरा, म्हणून पाळी लागते. माझी पाळी आली ती नेमकी कापूस वेचणीत. अवधूत सरांनी शिकवलेलंच करून पाहिलं — लेन्सचा आकडा जितका लहान, तितकं मागचं पुसट. मी विहिरीच्या काठावर, याडी, माझी आई, समोर कपाशीत. "लवकर काढ वं छोरी, ओटी भरली माही कापसानं!" आकडा १.८ वर ठेवला. याडीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती आली, आणि मागचा नाला, तूर सगळं विरघळलेलं. आईशप्पथ, मीच काढलाय हा फोटो!

३ डिसेंबर, मंगळवार

सरांनी तो वर्गात पडद्यावर लावला. "याला म्हणतात पोर्ट्रेट! आपण हा भिंतीवर लावू." मी हवेत.

मग त्यांनी तो मोठा केला, आणि मी एकदम जमिनीवर. याडीच्या खांद्यामागे, तुरीच्या कडेला, एक केशरी डाग. आडवा. खालून पांढरट.

बाजूला बसणारी अनघा म्हणाली, "तुरीचा फुलोरा असंल गं." हिचे वडील तहसील कार्यालयात, हिनं तूर पाहिली ती वरणात. फुलोरा पिवळा असतो. हा केशरी होता! आमच्या तांड्यापासून टिपेश्वरचं वाघांचं जंगल काही लांब नाही.

४ डिसेंबर, बुधवार

याडीला सांगितलं. ओढणीचा पदर तोंडाला लावून हसली. "मागल्या साली सुखीबाईनं वाघ वाघ करून सारा तांडा घरात बसवला. निघाली कालवड! आठ दिवस कापूस बोंडातच राह्यला. आता तू धब्ब्याले भिऊन राह्यली का?"

सुखीबाई दिसली की पोरं अजून हंबरतात. उद्या माझ्यामागे हंबरतील. गप्प बसले. गप्प बसले म्हणून स्वतःचाच राग येतोय. याडी सकाळी सातला एकटी शेतात जाते. बाकीच्या बाया दहाच्या पुढे येतात. म्हणजे तीन तास ती एकटी, आणि पाठ नाल्याकडे.

५ डिसेंबर

जेवण गेलं नाही. संध्याकाळी याडी फाटकातून आत येईपर्यंत ओट्यावरच बसून होते.

६ डिसेंबर, शुक्रवार

शेवटी सरांना एकटं गाठून सांगितलं. वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत.

त्यांनी डाग मोठा केला. आणखी मोठा केला. नुसते चौकोन. "आपणच मागचं पुसट केलं, आता त्याच्यातून काय निघणार?" मग म्हणाले, "फॉरेस्टवाल्यांना फोन करू का?" मी नको म्हटलं. का म्हटलं? हंबरणारी पोरं डोळ्यांसमोर आली म्हणून! लाज वाटते लिहायला.

सरांनी पाळी नसताना कॅमेरा दिला. "भर दुपारी जा, बाया असताना. तीच जागा, तीच लेन्स. आकडा सोळा ठेव. पुढचं मागचं सगळं स्वच्छ येईल. तिथं काय आहे ते दिसंल तरी."

८ डिसेंबर, रविवार

काढला.

दुपारी दोनला गेले. शेतात बाया होत्या, गप्पा चालल्या होत्या. मी विहिरीच्या काठावर. याडीला म्हटलं, त्या दिवशीच्याच जागी उभी राहा. "आता काहून? एक फोटो पुरला नाही का तुले?" कुरकुरत उभी राहिली. नाल्याकडे बघायची माझी हिंमतच होईना. डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बटण दाबलं. पहिला हलला. दुसराही हलला. श्वास धरून तिसरा काढला.

स्क्रीनवर मोठा करून पाहिला. तुरीची शेंग न् शेंग दिसत होती. नाल्याचा काठ, बाभळीचा काटा, सगळं लख्ख. केशरी काही नाही. कुठंच नाही! कोपरा न् कोपरा सरकवून पाहिला.

काही नाही तिथं! आठवडाभर मी उगाच मेले. याडीला मिठीच मारली, तर म्हणते, "सोड वं, कापूस सांडते!" घरी आल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

९ डिसेंबर, सोमवार

पांढरकवड्याच्या स्टँडवर, तांड्याकडच्या जीपमध्ये लिहितेय.

सकाळी कॉलेजात उड्या मारत सरांना फोटो दाखवला. "सर, काहीच नाही तिथं!" सर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "जया, गवत असतं, झुडूप असतं, तर कालही तिथंच असतं ना."

ते कॉलेजातून फॉरेस्टला फोन लावताहेत. मी याडीला लावला. उचलला शेजारच्या मानीबाईनं. "तुही याडी फोन घरीच इसरली. ते तं सातलेच गेली शेतात."

साडेआठ झाले. ड्रायव्हर म्हणतो, आणखी दोन सीट भरल्याशिवाय गाडी हलणार नाही.