फाटकाला चिकटलेली गाडी

आत्या,

तुम्ही देवळातून याल तेव्हा मी घरात नसेन. भाकरी टोपलीत झाकल्यात, आमटी तेवढी गरम करून घ्या.

शेजारच्या कार्यालयातल्या वऱ्हाडानं आज पुन्हा आपल्या कॉलनीत गाड्या लावल्या. ‘बाहेरच्यांनी गाडी लावू नये’ या पाटीला टेकून एक, आणि आपल्या फाटकाला चिकटून दुसरी. मी अंग चोरून निघते, पण स्कूटी निघेना. भांडू तरी कुणाशी? “लावा की, आपलीच माणसं,” असं कार्यालयवाल्याला ह्यांनीच सांगून ठेवलंय.

तरी विचारायला गेले. गाडी नवरीच्या मामांची. मंगलाष्टकं चालू, आणि मामा नवरीच्या पाठीशी उभे. अशा वेळी त्यांना कोण हलवणार? एक म्हातारी म्हणाली, “कुठं पळतीस पोरी, अक्षता टाक, जेवून जा.” अक्षता टाकल्या. नवरी मान खाली घालून उभी होती, वाऱ्यात साळीची लोंबी वाकावी तशी. माझ्या लग्नात असेच पाठीशी उभे राहिलेले माझे मामा आठवले. मग तिथं थांबवेना.

सारोळ्याच्या रोपवाटिकेत आज माझा कामाचा पहिला दिवस आहे. तुम्ही म्हणाल, देवानंच वाट अडवली. हे तर कालच हसून म्हणाले, “बघू, किती दिवस जातीस.” मी एसटीनं जातेय. कापूरहोळला उतरून पुढं जीप मिळेल. उशीर होईल, बोलणी खाईन.

नवरीचे मामा गाडी काढायला आले तर त्यांना काही बोलू नका, लग्नघर आहे. ह्यांचा फोन आला तर शिवानी कामाला गेली एवढंच सांगा. स्कूटी अडकली होती, हे नका सांगू.

शिवानी