उजवीकडे सरकणारं आकाश

९ जानेवारी १९९५, नेरूळ

अखेर घर लागलं! तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि हातभर गॅलरी. खिडकीतून सारसोळ्याच्या बाजूची खाडी दिसते. उज्वलानं कोरेगावहून आणलेली भांडी फळीवर मांडली, मग उलटसुलट करून पुन्हा पहिल्यासारखीच ठेवली. लग्नाला जेमतेम महिना झालाय आणि स्वतःचं दार आहे, यावर आमचा दोघांचाही अजून विश्वास बसत नाही. समोरच्या अख्तरुन्निसा भाभींनी चहा पाठवला. त्या मुरूडकडच्या, माझ्या आईच्या वयाच्या. सामान उघडायच्या आतच कोळणींपैकी कोणाकडून मासे घ्यायचे आणि कोणाकडून नाही, हे त्यांनी उज्वलाला सांगून टाकलं.

१२ जानेवारी

महाप्याला कामावर रुजू झालो. टीव्हीवर खेळायच्या गेमच्या कॅसेटी बनवतात. आतले सुटे भाग बाहेरून येतात. आम्ही ते प्लॅस्टिकच्या डब्यात बसवायचे, टीव्हीला लावून बघायचे, लेबल चिकटवायचं. मी तपासणीला. शेजारी जयप्रकाश बसतो, स्वभावानं मोकळा. सगळी मागणी उड्या मारायच्या आणि हाणामारीच्या गेमना. विमानाची एक कॅसेट मात्र दुकानदारांनी खोक्यांसकट परत पाठवली आहे. जयप्रकाशनं ती लावून दाखवली. एवढंसं पांढरं विमान, मागं ढगांचे तीन थर, प्रत्येक थर वेगळ्या वेगानं सरकतो, त्यामुळे आकाश खरंच खोल वाटतं. संगीतही असं की ऐकतच राहावं. पण अवघड. पडदा आपणहून उजवीकडे सरकत राहतो, मागं फिरता येत नाही, आणि एक गोळी लागली की विमान गेलं. जयप्रकाश म्हणाला, हिच्याइतकी चांगली गेम आपल्याकडे दुसरी नाही, पण हरायला कोणाला आवडतं?

१५ जानेवारी

साहेबांनी परत आलेल्यातली एक कॅसेट आणि टीव्हीला जोडायचा जुना सेट घरी न्यायला दिला. मी कामावर गेलो की उज्वलाला दिवस खायला उठतो. आज दुपारी शिकवलं. एका खेळात मिळणारी तीनही विमानं पहिल्याच ढगात घालवली आणि हसून हसून भिंतीला टेकली.

२१ जानेवारी

उज्वला माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेली आहे. अंगठ्याला फोड आलाय. म्हणाली, खाली रस्त्यावर एक माणूस चालत असतो, तो फार आवडतो. मी निरखून पाहिलं. खरंच, ढगांच्या खाली एक ठिपका चालतो. कारखान्यात तपासताना हा मला कधी दिसला नव्हता. वरून काळ्या पाखरांसारखं काहीतरी त्याच्यावर उतरतं, आणि उज्वला ते पाडते.

२५ जानेवारी

ठिपक्याच्या खांद्यावर निळी पिशवी आहे. माझ्या डब्याच्या पिशवीसारखी. आम्ही दोघं हसलो. मी जरा कमी हसलो.

२८ जानेवारी

भात करपला होता, दूध उतू गेलं होतं, आणि मी घरात आल्याचं तिला कळलंही नाही. भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलं. उद्या सेटला वीज देणारा अडॅप्टर कामावर घेऊन जाणार आहे. दोन दिवस डोळ्यांना विश्रांती मिळू दे.

२९ जानेवारी

जयप्रकाश गेला.

दुपारी पाळी सुटली. आम्ही बस थांब्याकडे निघालो होतो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी खाली बसलो, आणि जयप्रकाशनं माझी निळी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. लख्ख ऊन होतं. एक सावली रस्त्यावरून सरकत आली. मी वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. सावली त्याच्यावरून गेली आणि तो कोसळला. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. पण त्याच्या सदऱ्याला पाठीवर बारीक गोल भोकं पडली होती. कडेनं जळलेली.

अडॅप्टर पिशवीतच होता.

३० जानेवारी

उज्वलाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. माझ्या हातातून अडॅप्टर घेतला, सेटला लावला आणि खेळायला बसली. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "खालून तुमी चालताय. मी पाडते म्हनून तुमी घरी येताय. आता परत बंद करू नका."

२ फेब्रुवारी

कामावर जाणं सोडलं. वाटलं, घरात बसलो तर चुकेल. आता पडद्यावर रस्ता नाही. एक इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ठिपका बसलेला. मी हात वर केला. त्यानंही केला.

४ फेब्रुवारी

खेळ थांबवायचं बटण चालत नाही. खेळाला शेवटही नाही. ती शेवटच्या मोठ्या विमानाला पाडते, क्षणभर पडदा पांढरा होतो, आणि परत पहिल्यापासून, आणखी वेगानं. तेवढ्या पांढऱ्या क्षणात ती एक घोट पाणी पिते.

तिला झोप मिळावी म्हणून मी खेळायचा रिमोट घेतला. पहिल्या ढगातच विमान गेलं. खिडकीची काच तडकली आणि माझ्या खांद्याला चटका बसला. कापड जळलं. ती दचकून उठली, रिमोट हिसकावला. मी फुंकर घालायला तिच्याजवळ बसलो. फुंकर तिच्या बोटांवर, ती सुजून निळी पडली आहेत.

६ फेब्रुवारी

भाभी तिला हातानं भरवतात. अंग तापलंय, ओठ फुटलेत. भाभींनी डॉक्टरला आणलं. तो म्हणाला, आजच्या आज दाखल करा, नाहीतर हाताबाहेर जाईल. ती उठत नाही. उचलायला गेलो तर चावली.

भाभींनी मला गॅलरीत नेलं. मी सगळं त्यांच्या कानावर घातलं. हळूच विचारलं, "ती खेळायच्या आधी तुझ्यावर काय येत होतं रे, धनाजी?"

काहीच नाही. काहीच येत नव्हतं. मी ते विमान घरात आणलं, तिनं ते माझ्यावर जीव लावून चालवलं, आणि —

उज्वलाला सांगायला गेलो. म्हणाली, "मग आता सोडू कशी?"

७ फेब्रुवारी

बोलत नाही. डोळे मिटत नाहीत. वेग इतका की मला पडदा दिसतच नाही, नुसत्या रेघा. तिला दिसतं. कसं दिसतं —

ती मरेल. मला वाचवता वाचवता ही माझ्यासमोर —

८ फेब्रुवारी, सकाळ

कोसळली. रिमोट हातात तसाच. श्वास चालू आहे.

रिमोट मी सोडवून घेतला. बोटं एकेक करून. भाभींनी आणि त्यांच्या मालकांनी तिला चादरीत घालून रिक्षात नेलं. मला चल म्हणाले. मी म्हटलं, मागून येतो. मी तिच्याजवळ असलो तर ते तिच्यावरही —

रिक्षा लांब जाईपर्यंत कसंबसं खेळलो. खांदा. मग गुडघा. एक विमान उरलंय.

भाभी, शुद्धीवर आली की तिला पुन्हा टीव्हीसमोर बसू देऊ नका. विचारलं तर सांगा, मी —

नको. खरं सांगा.

वरवंटा घेतला. कॅसेट फोडली. आता ती बसणार नाही. कधीच नाही.

पडदा काळा. आवाज मात्र येतोय. टीव्हीतून नाही, खाडीकडून.

ऊन आहे. गॅलरीत ऊन आहे, आणि सावली —

उज्वला, तू हरली नाहीस. बंद मी केलं, मीच —