चौथ्या सोबत्याची जागा

शाहूपुरी, कोल्हापूर
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

प्रसन्या मर्दा,

जय भीम. सरूकाकींना माझा सलाम सांग. हिकडं सगळी बरी हाईत. अम्मीचा गुडघा तेवढा जूनपासनं धरलाय. गौसचाचांचं सीट-कव्हरचं दुकान चालतंय आणि वरच्या माळ्यावर आपला रविवारचा खेळ पण. रूपाली गोष्ट रचती, आम्ही फासे टाकून तिच्यात सोंगं वठवतो. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून आंतरदेशीय पत्र आणलं. पोस्टातल्या बाईनं दोनदा विचारलं, नक्की हेच पायजे का.

बातमी अशी, की आपल्या राज्यातला उजेड गेला. सूर्याचा घोडा पाताळात पळवून नेलाय. रूपालीनं वही उघडून फर्मान काढलं, पहिल्या राजानं घोडा जसा आणला तसाच विधी करून आणायचा, आणि सोबती पण तसलेच चार पायजेत. एक वाट ठावं असलेला, एक ओझं उचलणारा, एक हसवणारा. ही तिघं मिळाली. चौथा मात्र राजानं ज्याचा घात केला तो. आणि सगळं खरं कळल्यावर त्यानं आपल्या पायानं यायला पायजे. राजाचं सोंग माझ्याकडं, म्हणजे शोधायचा मीच.

पहिल्यांदा ऋतुराजला धरला. तो खेळाला येतोय ते भडंग खायला, तुला ठावंच हाय. म्हटलं ह्याचाच घात करू, काम भागंल. त्याच्या गाडीची हवा सोडली. गडी पार गडमुडशिंगीपर्यंत ढकलत गेला आणि दुसऱ्या दिवशी मलाच म्हणतोय, तुझ्या दारात गाडी आडवी लावलती, चुकलं माझं. असल्या माणसाचा घात करून उपयोग काय, सांग.

मग चाचा स्वतःच जिना चढून आले. म्हणाले, तू रोज दुकानात कामाला अकराला उगवतोस, माझा घात रोजच हाय, माझं नाव घाल. घातलं. पाताळाच्या दारात राक्षस उभा, तर चाचांनी त्याला "या पावणं" म्हणून बसवून घेतलं आणि सीट रेक्झिनचं पायजे का कापडाचं, विचारलं. राक्षस गिऱ्हाईक झाला. पण रूपाली म्हणाली विधी मोडला, आणि आम्हाला माघारी धाडलं. अम्मीला विचारून बघितलं, तर तिनं डबा किती जणांचा एवढंच विचारलं.

शेवटी रूपाली वैतागली. "चौथा कोण ते तुला ठावं हाय, अझीम. उगं दुसऱ्या माणसांना तरास देऊ नगंस."

ठावं हाय की. तुझा मल्हू भालेकर. पाच वर्षं तू त्याचं सोंग वाढवलंस, आणि जूनमध्ये तो पुलावरनं दरीत गेला. दोर माझ्या हातात, फासा माझा. चार किंवा वर पडलं तर मल्हू वर येणार. मी फासा झटकन उचलला आणि दोन म्हटलं. तू चप्पल घातलीस आणि गेलास. संध्याकाळी फोन करून विचारलंस, खरंच दोन पडलतं का. मी अम्मीची शपथ घेतली.

सहा पडलतं, प्रसन्या.

त्याच दुपारी भडंग खाता खाता तू सांगितलंस, मलकापूरच्या शाळेत नोकरी लागली, आता रविवारचं जमायचं न्हाय. सगळ्यांनी पाठ थोपटली, मी पण थोपटली. पण पहिलीपासनं एका बाकावर बसलोय आपण. जातोयस न्हवं, मग जा की, असं वाटलं आणि मी दोर सोडला. लई वंगाळ केलं मी. त्याच आठवड्यात अम्मीचा गुडघा धरला. डॉक्टर म्हणतोय वय झालं, पण मला कळतंय काय झालं ते.

आता तुला खरं कळलं. अर्धा विधी झाला, उरलेला तुझ्या पायात हाय. चोवीस तारखेला रविवार हाय, सकाळी अकराला आम्ही माळ्यावर बसतोय. तू आला न्हाईस तर राज्य अंधारात राहील. राहू दे, रूपाली दुसरं राज्य काढंल. मला दुसरा प्रसन्या कुणी काढून देणार न्हाय.

तुझी जागा खिडकीकडचीच हाय. ऋतुराज बसायला लागला की त्याला उठवतो.

ह्या बारीला दोर सोडणार न्हाय असा,
तुझा घातकी राजा
अझीम