लेंगाना खुडायला

लिनेओच्या बाबांना,

वाळत घातलेल्या लेंगानाच्या जुड्या तुम्ही चुलीत घातल्यात, म्हणून मी पुन्हा तो पाला खुडायला डोंगरावर चालले आहे. लिनेओला दवाखान्याचं औषध दिलंय, पण तिची छाती अजून घरघरते. पाल्याची वाफ मी तिला देणारच. चर्चचे पंच झाल्यापासून तुम्हाला त्यात चेटूक दिसायला लागलंय. तुमच्या आईंनाही तसंच बोललात, म्हणून त्याही निघाल्या. "त्याला ह्याच पाल्यावर वाढवला, तेव्हा नाही बाटला तो," म्हणाल्या आणि घोड्यावर बसल्या.

लापशी झाकून ठेवली आहे, लिनेओला भरवा. पाद्री आले तर आम्ही बाजारात गेलोय असं सांगू नका. कुठे गेलोय ते खरंखरं सांगा.

मालिनेओ